रोवण्याच्या पोस्टमधली एक ओळ

पोस्ट टाकून झाल्यावरच मला तिच्यातल्या चुका दिसतात. वहीत असते तोवर दिसत नाहीत. वहीत माझं अक्षर असतं आणि आपल्या अक्षराची आपल्याला सवय असते. फोनवर तेच शब्द छापल्यासारखे उभे राहिले की वाटतं, हे कोणा दुसऱ्याच बाईनं लिहिलंय. मग तिची घाई दिसते, तिनं कुठं काय लपवलं तेही दिसतं.

ब्लॉग मुलीनं काढून दिला. ती नववीत होती, उन्हाळ्याची सुट्टी होती. धान साठवायच्या ढोलीमागे मी माझ्या वह्या ठेवत असे, त्या तिला सापडल्या. तिनं वाचल्या म्हणून मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. आमच्या गावची शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला दुसऱ्या गावी जावं लागे आणि मुलींना कोणी पाठवत नसे. माझी शाळा तिथं सुटली, लिहिण्याची सवय मात्र सुटली नाही. कोणाला दाखवायचं म्हणून मी कधी लिहिलं नव्हतं. मुलगी म्हणाली, नाव टाकायचं नाही, फोटो टाकायचा नाही, गावाचं नावही नाही, मग कोणाला कळतं? तेवढ्या अटीवर मी हो म्हटलं.

दुपारची भांडी झाली की मी लिहायला बसते. आधी वहीत, पानाच्या एकाच बाजूला. दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडताना ते हळू आवाजात वाचते. जिथं जीभ अडखळते तिथं खूण करते. मग एका बोटानं फोनवर उतरवते. एका पोस्टला चार-पाच दिवस लागतात, आणि टाकल्यावर पुन्हा दहा वेळा उघडून काहीतरी बदलत राहते. एकदा एकानं खाली लिहिलं, "ताई, काल वाचलं तेव्हा इथं म्हैस होती, आज गाय झाली." मला फार लाज वाटली. आमच्या गोठ्यात म्हैसच होती. वाचायला गाय बरी दिसते म्हणून मी बदलली होती. मी म्हैस परत आणून बांधली आणि त्याला लिहिलं, "आभारी आहे, सुधारलं."

हेच माझं सगळ्यांना उत्तर असे. वाचणारे थोडेच होते. एक निवृत्त गुरुजी होते, ते प्रत्येक पोस्ट तपासत. "काऊन" असं लिहू नये, "का" लिहावं, असं त्यांनी कळवलं, तर मी सगळीकडे "का" केलं. मग एका बाईनं लिहिलं की तिची आई काऊन म्हणायची, ते वाचायलाच ती इथं येते, तर मी पुन्हा काऊन केलं. गुरुजी नाराज झाले. मी त्यांचे आभार मानले आणि बाईचेही मानले. ज्यानं सांगितलं त्याचं ऐकायचं, एवढंच मला येत होतं. घरातही माझं तसंच होतं. मोठ्यानं बोलणारा समोर आला की माझ्या तोंडातला शब्द आत जातो.

एका श्रावणात मी रोवण्यावर पोस्ट लिहिली. आमच्याकडे धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटून बांधीत, पाणी साचवलेल्या शेतात, लावतात, त्याला रोवणा म्हणतात. गावातल्या बाया ओळीनं वाकून लावत जातात. आमच्या घरची एक रीत होती. रोवणा संपला की शेवटची पेंढी बायांनी लावायची नाही, घरच्या मोठ्या सुनेनं बांधीत उतरून लावायची. ती लावत असली की बाया तिच्याभोवती उभ्या राहत, कपाळाला चिखल लावत आणि तिच्यावर गाणी रचत. नवऱ्याचं नाव घेऊन, सासूचं नाव घेऊन, घरात काय कमी आहे ते काढून. ती हसत हसत ऐकून घेई आणि मग सगळ्यांना घरी जेवण. हे सगळं मी लिहिलं. आणि मधे माझ्या मोठ्या जाऊबाईंबद्दल तीन ओळी लिहिल्या. मी त्यांना बाई म्हणत असे.

"त्या वर्षी बाईंना ताप होता. सगळ्यांनी नको म्हटलं, पण त्यांनी कोणाचं ऐकलं नाही. शेवटची पेंढी लावायला त्या उतरल्याच, आणि आठव्या दिवशी गेल्या."

नव्व्याण्णव सालची गोष्ट. हिवताप होता, तो डोक्यात चढला. गोंदियाला नेलं, तिथून त्या परत आल्या नाहीत.

त्या पोस्टला कधी नव्हे एवढ्या लोकांनी लिहिलं. अशा कष्टाळू बाया आता राहिल्या नाहीत, असं कोणी म्हटलं. कोणी हात जोडल्याचं चित्र टाकलं. गुरुजींनी पहिल्यांदाच एकही चूक काढली नाही. मी प्रत्येकाला उत्तर दिलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. चार दिवस मी ती पोस्ट उघडून नुसती पाहत होते, एक शब्दही बदलत नव्हते.

पाचव्या दिवशी खाली असं आलं:

"काकी, मी ही पोस्ट वाचली. लहानपणापासून मी हेच ऐकत आले. तुझी आई हट्टी होती, कोणाचं ऐकत नव्हती, म्हणून गेली. मी कशाला नाही म्हटलं की मामा म्हणतात, आईवर गेली. आता तुम्ही लिहूनही ठेवलं."

नाव नव्हतं, पण काकी म्हणणारी ती एकच होती. बाईंची मुलगी. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. भासऱ्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं आणि तिला तिचे आईकडचे आजोबा त्यांच्या गावी, देवरीकडे घेऊन गेले. ती तिकडेच शाळेत गेली, मग नर्सिंग शिकायला नागपूरला. लग्नकार्यात भेटायची, पाया पडायची, दोन शब्द बोलायची. माझ्या मुलीशी तिचं फोनवर बोलणं असे. मुलीनंच तिला ब्लॉग दाखवला होता, अभिमानानं. मुलगी रडकुंडीला आली. मी तिला काही म्हटलं नाही.

मी काय केलं, तर सवयीनं जे करते तेच केलं. कोणी चूक दाखवली की ती ओळ बदलायची. मी त्या तीन ओळींमधली मधली ओळ काढून टाकली. आता वाचताना असं वाटे की बाईंना ताप होता, त्या बांधीत उतरल्या आणि गेल्या. खाली लिहिलं, "आभारी आहे. सुधारलं." ते लिहिताना माझ्या मनात काही आलं नाही, बोट आपोआप चाललं. पुतणीला "आभारी आहे" लिहिलं मी.

दोन दिवसांनी तिनं पुन्हा लिहिलं. "तुम्ही ओळ काढली. आता तिथं काहीच नाही. आधी निदान ती हट्टी तरी होती."

मग मी नवी ओळ घातली. ती करायला मला सगळी दुपार लागली. "घरच्यांनी त्यांना थांबवायला हवं होतं, पण थांबवलं नाही." वहीत पाच-सहा वेळा लिहून पाहिली, मोठ्यानं वाचली, कुठं अडखळत नव्हती. मला वाटलं, हे खरंही आहे आणि कोणाला लागतही नाही.

तिचं उत्तर त्याच संध्याकाळी आलं. आधीच्या दोन्हींपेक्षा लहान.

"घरचे म्हणजे कोण?"

आणि त्याखाली वेगळं, जणू थोडा वेळ थांबून लिहिलेलं: "मला आईचं एकच आठवतं. मी पदर धरला होता. तिनं माझा हात सोडवला आणि ती गेली. मी एवढंच विचारते आहे की ती मला सोडून कामाला का गेली. तुम्ही होतात. तुम्हाला माहीत असेल तर सांगा. नसेल तर ती पोस्टच काढून टाका."

मला माहीत होतं. माझ्या जुन्या वहीत ते लिहिलेलंही होतं, दोन वर्षं आधी. फोनवर उतरवताना मी तेवढं गाळलं होतं. घरात सगळे जे म्हणत आले ते त्या जागी घातलं, कारण ते तयार होतं. त्याला शोधावं लागत नव्हतं.

त्या दिवशी रोवणा संपत आला होता. बाईंना दोन दिवस थंडी वाजून ताप येत होता, सकाळी जरा उतरला होता म्हणून त्या परसात खाटेवर बसल्या होत्या. दुपारी शेतातून निरोप आला की शेवटची पेंढी राहिली, सूनबाईला पाठवा. सासूबाईंनी बाईंकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "यंदा तू लाव वो. तिच्या अंगात ताप हाय."

सासूबाई कडक होत्या, पण त्या दिवशी त्यांनी बरोबर सांगितलं होतं. घरात दुसरी सून होती ती मीच. रीत मोडत नव्हती, मोठी आजारी असली तर धाकटीनं लावावी. पाऊण तासाचं काम.

माझ्या लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. आदल्या वर्षी बाई पेंढी लावत होत्या तेव्हा मी धुऱ्यावर, बांधीच्या काठाला, उभी होते. बाया गाता गाता माझ्याकडे वळल्या आणि एकीनं माझ्यावर एक कडवं रचलं. रिकाम्या पाळण्याचं. सगळ्या हसल्या. त्यात वाईट कोणाच्या मनात नव्हतं, रोवण्याच्या गाण्यात कोणीच कोणाला सोडत नाही. बाईंनी लगेच चिखलाचा हात त्या बाईच्या तोंडाला फासला आणि गाणं दुसरीकडे वळवलं. पण मला ते वर्षभर ऐकू येत होतं. आणि आता सासूबाई म्हणत होत्या की तू मधे उभी राहा.

मी खाली पाहत राहिले. सासूबाईंनी पुन्हा विचारलं, काऊन बोलत नाई. मी म्हटलं, "मले नाई जमत."

एवढंच बोलले. जमत नाही म्हणजे काय, पऱ्हे तर मी माहेरी लहानपणापासून लावत होते. सासूबाई चिडल्या. माझ्याबद्दल जे म्हणायचं ते म्हणाल्या. तेव्हा बाई खाटेवरून उठल्या. पदर खोचत म्हणाल्या, "राहू द्या माय. तिले कायले पाठवता? मीच जाऊन येतो."

त्यांना माहीत होतं. मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण त्यांना ते कडवं आठवत होतं. माझ्याकडे न पाहताच त्या उठल्या, मला शरमल्यासारखं होऊ नये म्हणून. सगळ्यांनी नको म्हटलं हे खोटं होतं. नको कोणीच म्हटलं नाही. सासूबाई रागात होत्या, पुरुष शेतात होते आणि मी सुटल्याच्या आनंदात होते. हो, मला त्या वेळी हलकं वाटलं होतं. ते मी वहीतही लिहिलं नव्हतं.

त्या गेल्यावर हट्टी हा शब्द घरात कोणी पहिल्यांदा काढला ते आठवत नाही. बहुतेक सांत्वनाला आलेल्या कोणाला तरी सांगताना. तो सगळ्यांच्या सोयीचा होता. सासूबाईंच्या, भासऱ्यांच्या, सगळ्यांत जास्त माझ्या. मी तो कधी तोंडानं म्हटला नाही, पण कोणी म्हटला तर मी गप्प बसले. आणि तेवढी वर्षं एक मुलगी तो शब्द आपल्या अंगावर घेऊन फिरत होती, हे मला पोस्टखालच्या तीन ओळींवरून कळलं.

ती पोस्ट काढून टाकणं सोपं होतं. मुलीनं कसं काढायचं ते शिकवलं होतं. मी तिथपर्यंत गेलेही. काढून टाकली असती तर गुरुजींना, हात जोडणाऱ्यांना कोणाला पत्ता लागला नसता. पण पुतणीनं मला दोन वाटा दिल्या होत्या, माहीत असेल तर सांगा, नसेल तर काढा. काढणं म्हणजे मला माहीत नाही असं तिला सांगणं झालं असतं.

मी नवऱ्याला सांगितलं. ब्लॉगचं त्यांना ठाऊक होतं, वाचत नव्हते. सगळं ऐकून घेतलं. सुपारी कातरता कातरता म्हणाले, "वीस वर्सं होत आली. आता कायले उकरून राहिली?" मी म्हटलं, पोरगी विचारते आहे. ते म्हणाले, पोरीले फोन कर, तिले सांग, साऱ्या जगाले कायले सांगतेस. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण हट्टी हा शब्द मी साऱ्या जगासमोर लिहिला होता. तो फोनवर कानात सांगून मागे घेता येत नाही. हे मला त्यांना नीट समजावता आलं नाही. मी उठून आत गेले. त्यांनी अडवलं नाही.

या वेळी वहीत लिहिलं नाही. वहीत लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी वाचलं असतं, वाचलं असतं तर बदललं असतं. दारात बसून सरळ फोनवर लिहिलं. जुनी ओळ मी परत आणली, जशी होती तशी, कोणाचं ऐकलं नाही, ती. तिच्याखाली लिहिलं की ही ओळ खोटी आहे आणि ती मी लिहिली. मग त्या दुपारचं सगळं लिहिलं. सासूबाई काय म्हणाल्या, मी काय म्हटलं, बाई काय म्हणाल्या. ते कडवंही लिहिलं, आणि मला हलकं वाटलं होतं तेही. शेवटी लिहिलं, "घरचे म्हणजे मी." वाचून न पाहता टाकलं. त्यात किती तरी शब्द चुकले होते. तसेच आहेत.

पुढचे दिवस वाईट गेले. गुरुजींनी लिहिलं की अशा घरच्या गोष्टी चारचौघांत मांडू नयेत, यानं समाजाची शोभा होत नाही, पूर्वीचंच बरं होतं. त्यांना मी पहिल्यांदा आभारी आहे लिहिलं नाही. काहीच लिहिलं नाही. एका बाईनं लिहिलं की तुम्ही स्वतःला दोष देऊ नका, ताप तर आधीच होता. ती चांगल्या मनानं म्हणत होती. तिलाही उत्तर दिलं नाही. मी एकाच माणसाची वाट पाहत होते, आणि ते माणूस लिहीत नव्हतं. मुलीनं सांगितलं की ताईनं वाचलंय, मुलीला ते फोनवर दिसतं. पण तिनं मुलीचेही फोन घेणं बंद केलं होतं.

मी मनात धरून चालले की ती आता आमच्याकडे येणार नाही. तिच्या जागी मी असते तर आले नसते.

दिवाळी झाली. धान कापून खळ्यावर आलं होतं आणि मी सूप घेऊन तिथंच होते. नवऱ्याचा फोन वाजला, त्यांनी पाहिलं आणि माझ्या हातात दिला. हात भुशानं भरले होते, मी लुगड्याला पुसले.

तिनं कशी आहेस, काय आहेस असं काही विचारलं नाही. नागपुरात राहून तिची बोली शहरी झाली आहे, लग्नकार्यात ती माझ्याशी पुस्तकातल्यासारखं बोलते. त्या दिवशी तसं बोलली नाही.

"काकी, तिनं माहा हात सोडवला तवा तू होती काय तिथं?"

"होतो."

"मग मले काय म्हणून गेली ते सांग."

ते मी पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं. लपवलं नव्हतं. मला वाटलं होतं की मी काय केलं एवढंच सांगायचं आहे, ते सांगून माझं काम झालं. ती मात्र पहिल्यापासून आईबद्दल विचारत होती.

बाईंनी तिची बोटं पदरातून एकेक करून सोडवली होती, घाई न करता. मग तोच हात माझ्या हातात दिला. मुलीकडे वाकून तिला एक वाक्य म्हणाल्या. मी तिथंच उभी होते, हात माझ्या हातात होता, मी ते ऐकलं. ते विसरण्यासारखं नव्हतं. एवढी वर्षं कोणी विचारलं नव्हतं, म्हणून बोलले नव्हते.

मी ते तिला सांगितलं. बाई बोलत तसंच, त्यांच्याच शब्दांत.

पलीकडे हॉस्टेलातल्या मुली बोलत होत्या, बादलीत पाणी पडत होतं. मग ती म्हणाली, "हे लिहू नको काकी. माहं हाय हे."

मी हो म्हटलं. ती म्हणाली की जे तू स्वतःचं लिहिलं ते राहू दे, काढू नको, मामांना वाचायला देईन. माझ्यावरचा राग गेला असं ती म्हणाली नाही आणि मी विचारलंही नाही. फोन नवऱ्याला परत दिला. ते खळ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे होते.

ते वाक्य मी ब्लॉगवर लिहिलं नाही आणि या वहीतही लिहीत नाही. वही कोणाला सापडते ते मला कळून चुकलं आहे. पोस्ट आहे तशीच आहे. मधूनमधून कोणी नवा माणूस वाचतो आणि खाली विचारतो की आई जाताना मुलीला काही म्हणाली असेल ना, ते काय होतं. बाकी विचारतात त्याचं मी आता उत्तर देते, चुकलं असेल तर सुधारते, पटलं नाही तर तसं सांगते. या प्रश्नाला उत्तर देत नाही.